दाक्षायणीबाईंचं तिसरं भिंग

सकाळचे आठ वाजायला दहा मिनिटं होती. शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत दाक्षायणीबाई कलशेट्टी सूक्ष्मदर्शकाचा आरसा उत्तरेच्या खिडकीकडे वळवत होत्या. शाळा भरायला बराच अवकाश होता, शिपाईसुद्धा अजून आला नव्हता. टेबलावर अर्धा कांदा, आयोडीनची बाटली, काचपट्ट्यांची चळत आणि कुंकवाची एक पत्र्याची डबी होती. कांदा वर्गासाठी होता. डबीत शेजारच्या राजव्वाची थुंकी होती.

साल १९३४, महिना डिसेंबर. सोलापुरात मुलींना शरीरशास्त्र शिकवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतल्या यंत्राला हात लावणाऱ्या बहुधा एकट्या दाक्षायणीबाई. यंत्र पितळेचं, जर्मन बनावटीचं. नवी पेठेतल्या डॉ. खासनीसांनी नवीन घेतलं तेव्हा जुनं शाळेला देऊन टाकलं होतं. नळीच्या खालच्या टोकाला एक फिरती चकती होती आणि चकतीला तीन भोकं. एकात लहान भिंग, दुसऱ्यात मोठं, तिसऱ्यावर पितळी झाकण. प्रश्न विचारल्याशिवाय जिचा दिवस जात नसे अशी विजयमाला नावाची एक मुलगी वर्गात होती. तिनं एकदा विचारलं होतं, "बाई, हे तिसरं रिकामं का?"

"दोनांत भागतं म्हणून," बाई म्हणाल्या होत्या, आणि वर्ग हसला होता.

त्यांनी काडीच्या टोकानं डबीतला घट्टसर भाग उचलून काचेवर पसरला, पाण्याचा आणि आयोडीनचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. रीत तीच, कांद्याच्या पापुद्र्याची. आधी लहान भिंग, मग मोठं. पिवळ्या उजेडाच्या गोलात चपट्या, कडा दुमडलेल्या पेशी तरंगत होत्या. त्या गालाच्या आतल्या, ओळखीच्या. त्यांच्या मधल्या जागेत लहान, गोल पेशींचे पुंजके होते. प्रत्येकीच्या पोटात दोन-तीन पाकळ्यांचा डाग. अशा पेशी बाईंनी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. सुबक होत्या. त्यांच्याकडे त्या जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

मग काच सरकवली आणि लाल दिसलं.

बाईंनी डोळा नळीवरून काढला आणि पुन्हा लावला. हलकेच स्क्रू फिरवला. लाल होत्या त्या फिती होत्या, चपट्या, मधूनच पीळ खाल्लेल्या. कापसाचा तंतू यंत्राखाली असाच दिसतो, हे त्या दरवर्षी मुलींना दाखवत. रंगवलेल्या सुताची लव होती ती. रक्त नव्हतंच, सूत होतं. त्यांनी साऱ्या काचेवरून नजर फिरवली. क्रमिक पुस्तकात क्षयाच्या जंतूंचं चित्र होतं, बारीक वाकड्या काड्या. तशी एकही काडी कुठं नव्हती.

त्यांनी काच फिनेलच्या पाण्यात टाकली, हात साबणानं दोनदा धुतले आणि वर्गासाठी कांदा सोलायला घेतला. बऱ्याच दिवसांनी त्यांना भुकेची जाणीव झाली.

दाक्षायणीबाई मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरी बोलणं कानडी, शिक्षण मराठीत, आणि बिऱ्हाड साखर पेठेत, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या तापात, नवरा गेला. तो गेला ती दुपार त्या कुणाला सांगत नसत. विचारलंच तर एवढंच सांगत, की खोलीत हवा भरपूर होती, दारं-खिडक्या सगळी उघडी होती, आणि तरी त्याला ती मिळत नव्हती. पुढं सासऱ्यांनी हट्टानं पुण्याला शिकायला पाठवलं. तिथं फुप्फुसावरचं प्रकरण आलं तेव्हा, हवा असूनही ती मिळत नाही म्हणजे काय, हे त्यांना कळलं. त्या प्रकरणाला त्या इतर शिक्षकांपेक्षा जास्त तास देत. हेडमास्तरीणबाई कुरकुरत, पण चालवून घेत.

त्यांच्या खोलीची मागची भिंत मल्लय्याच्या कारखान्याला लागून होती. कारखाना म्हणजे एक लांब पडवी आणि तीत आठ हातमाग. दोरीला हिसका दिला की धोटा, म्हणजे आडव्या सुताची कांडी पोटात घेतलेली लाकडी होडी, ताण्याच्या उभ्या सुतांमधून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धावतो, फणीचा ठोका पडतो, पुन्हा हिसका. आठ मागांचा तो आवाज भिंतीतून यायचा. सुरुवातीला बाईंना झोपेतून जाग यायची ती आवाजानं. आता तो थांबला की जाग यायची.

राजव्वा त्या कारखान्यात धोटे भरायची. करीमनगरकडून नवऱ्याबरोबर आलेली, नवरा गेल्यावर इथंच राहिलेली, चाळिशीतली, बारीक अंगाची बाई. मागांच्या मधोमध एका पाटावर ती बसायची. एका हाताला सुताच्या भरलेल्या कांड्यांची टोपली, दुसऱ्या हाताला रिकामे होऊन आलेले धोटे. कांडी धोट्याच्या पोटात बसवायची, सुताचं टोक आतून धोट्याच्या कडेच्या बारीक भोकापाशी आणायचं, आणि बाहेरून त्या भोकाला ओठ लावून एक आखूड श्वास आत ओढायचा. टोक जिभेवर उडी मारून यायचं. दातांनी धरून ओढलं, की धोटा तयार. "घे रे!" म्हणून तो विणकराच्या हातात. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मागावर धागा तुटला की विणकर स्वतःच त्याच भोकाला तोंड लावायचा. धोटा संपला की तो परत राजव्वाकडे. त्या पडवीत सगळे असंच करत, त्यांचे बापही असंच करत, आणि दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सूत बाहेर येतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

ज्या रंगाची साडी मागावर असेल तो रंग राजव्वाच्या ओठांवर असायचा. पोरं तिला चिडवायची, "राजव्वा, आज हिरवी कैरी खाल्ली काय?" ती म्हणायची, "तुझ्या बायकोची साडी चाखतेय रे, आळणी हाय."

दिवाळीनंतर तिला खोकला लागला. आधी कोरडा, मग ओला. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी लाल काठांच्या साड्यांचं मोठं काम आलं होतं. आठही मागांवर लाल सूत, राजव्वाचे ओठ लाल आणि थुंकीही लाल. ती सुताची लाली, असं ती म्हणत होती. पण विणकरांत कुजबुज सुरू झाली. एकानं तिच्या हातून धोटा घेताना तो धोतराला पुसला. मल्लय्यानं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी राजव्वाला पाटावरून उठवून अंगणात सूत उकलायला बसवलं. तिच्या जागी स्वतःच्या सुनेला बसवलं. सुनेचा हात सावकाश चालायचा, माग थांबून राहायचे. एका संध्याकाळी तो दाक्षायणीबाईंच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"पंतुलम्मा," तो म्हणाला. वस्तीत सगळे त्यांना मास्तरणीसाठीच्या तेलुगू शब्दानंच हाक मारत. "तुमच्या शाळंत ते बारीक बघायचं यंत्र हाय म्हणं."

"आहे. पण मल्लय्या, दवाखान्यात न्या तिला."

"दवाखान्यात नाव लिवून घेत्यात. नाव लिवलं की पेठंत बोंब. मंग माझ्या साड्या कोण उचलंल?" तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. "वाईट निघालं तर गाडीत बसवून देतो, करीमनगरला. माणसाला वाऱ्यावर सोडणारा न्हाय मी. चांगलं निघालं तर पाटावर. पण कुणीतरी बघून सांगायला पायजे की."

त्याच्या मागं राजव्वा उभी होती. ती मल्लय्या गेल्यावर बोलली. "करीमनगरला माजं कोन हाय, पंतुलम्मा? घर पडलंय. दीर दारात उभं करत न्हाय." आणि पदराखालून कुंकवाची डबी काढली. "रिकामीच हाय. मला काय लागतंय आता कुंकू."

म्हणून त्या सकाळी ती डबी यंत्राशेजारी होती.

संध्याकाळी दाक्षायणीबाई पडवीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. माग एकेक करून थांबले. "लाल दिसतं ते सुताचं आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं. रक्त नाही. जंतूही दिसले नाहीत."

"बघा रे!" मल्लय्या विणकरांकडे वळला. "यंत्रातनं बघितलंय. आता पुसत बसाल तर धोतर फाडून ठेवीन."

सगळे हसले. राजव्वा अंगणातून उठली, पाटावरची धूळ पदरानं झटकली आणि बसली. पहिला धोटा तिनं उचलला, ओठांना लावला, आणि बाई भिंतीपलीकडे आपल्या खोलीत पोचेपर्यंत त्यांच्या कानावर आठही मागांचा आवाज आला. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यात फुप्फुसाचं प्रकरण होतं. दरवर्षीप्रमाणे त्या झाकणाचा डबा घेऊन गैबीसाबच्या दुकानी गेल्या. लिंगायत घरची विधवा खाटकाच्या दुकानी उभी राहते, यावर पहिल्या वर्षी पालकांनी अर्ज केले होते. दुसऱ्या वर्षी फक्त नाकं मुरडली. आता गैबीसाबच आधी हाक मारायचा.

"आओ बाई! फेफड्याचा दिवस काय आज?" त्यानं आकड्यावरची मेंढीची फुप्फुसं काढली, श्वासनळीला तोंड लावलं आणि जोरानं फुंकलं. गुलाबी फुप्फुस फुगून डबल झालं. बाईंनी नजर बाजूला केली. दरवर्षी करत.

"तोंडानं नको हो, गैबीसाब. शाळेत पंप आहे सायकलीचा."

"पंप को क्या समझता है ताजा-बासी?" तो हसला, आणि मग थांबला. फुप्फुसाचा वरचा कोपरा फुगला नव्हता. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं. "ये नको बाई. इसमें गाठ है. दुसरा देता."

"असू दे. बघू तरी."

त्यानं सुरी फिरवली. आत वाटाण्याएवढ्या गाठी होत्या आणि गाठींत दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं. "माळावरची मेंढरं," गैबीसाब म्हणाला. "बाहर से एकदम तगडी. चरती है, चलती है. काटे तबच समझता." त्यानं तो कोपरा कापून नालीत टाकला आणि बाईंना दुसरं फुप्फुस दिलं.

वर्गात पंपानं ते फुगलं तेव्हा मुली किंचाळल्या आणि मग पुढं सरकल्या. बाईंनी फळ्यावर द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश काढले. "एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त," त्या म्हणाल्या. "मध्ये भिंत किती? एका पेशीची. कांद्याचा पापुद्रा तुम्ही पाहिलात, त्याहूनही कितीतरी पातळ. असे लाखो कोश. सगळे उलगडून अंथरले तर या वर्गाची जमीन पुरणार नाही. पातळ, ओलं आणि पसरट असल्याशिवाय हवेची देवघेव होत नाही."

"एवढं पातळ असलं तर वाईट पण लगेच आत जात असेल ना, बाई?" विजयमाला म्हणाली.

"जातं," बाई म्हणाल्या. "दार पातळ असलं की सगळ्यांनाच पातळ." त्या पुढं काहीतरी सांगणार होत्या, पण त्यांना नालीतला तो पांढरा कोपरा आठवला, आणि त्यांनी फळा पुसायला घेतला.

डॉ. खासनीस वर्षातून एकदा मुलींची वजनं आणि दात पाहायला शाळेत येत. साठी उलटलेले, तिरकस बोलणारे, शिस्तीचे. तपासणी आटोपून ते विज्ञानाच्या खोलीत आले, आपल्या जुन्या यंत्राला भेटायला. त्यांनी पितळी नळीवरून हात फिरवला.

"बरं ठेवलंय. माझ्याकडे असताना एवढं चकाकत नव्हतं. काय काय दाखवता?"

"कांदा. गालाच्या पेशी. बेडकाच्या पायाचा पडदा, पावसाळ्यात बेडूक मिळाले तर."  वर्गाबाहेरच्या कामाचा अभिमान बाईंना कुठंतरी होता. "मध्यंतरी एका शेजारणीची थुंकी पाहिली. क्षयाची शंका होती. काही निघालं नाही."

डॉक्टरांचा हात नळीवरच थांबला. "कुठल्या भिंगानं पाहिलीत?"

"मोठ्या."

"मोठं माझ्याकडे आहे." त्यांनी चकती फिरवली आणि तिसऱ्या भोकावरच्या झाकणावर नखानं टकटक केलं. "इथं होतं ते. तेलाचं. काचेवर तेलाचा थेंब टाकून त्यात बुडवून बघायचं. ते काढून मी नव्या यंत्राला लावलं. म्हटलं, मुलींना कांद्याला काय करायचंय. रंग कुठला दिलात?"

"आयोडीन."

"आयोडीन." ते खुर्चीवर बसले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळे बाईंना तो जास्त लागला. "क्षयाचा जंतू मेणचट असतो, बाई. साधा रंग घेत नाही. लाल रंग टाकून काच खालून तापवावी लागते, मग आम्लानं धुवायची, मग निळा. तेव्हा निळ्यात लाल काडी दिसते. तीसुद्धा माझ्या भिंगातून, आणि शंभर जागा पाहिल्यावर. तुम्ही जे पाहिलंत त्यात जंतू असते तरी दिसले नसते. नसते तरी दिसले नसते." मग त्यांनी विचारलं, "गोल पेशी दिसल्या का? पोटात दोन-तीन पाकळ्यांचा डाग असलेल्या?"

"पुष्कळ."

"त्या पुवाच्या."

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाईंनी फडताळातून क्रमिक पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्याच ते पान उघडलं. डावीकडे कांद्याच्या पेशी, एका गोलात. उजवीकडे क्षयाचे जंतू, एका गोलात. दोन्ही गोल सारख्याच मापाचे, कारण छापणाऱ्यानं एकच गोल दोनदा वापरला होता. त्यातली काडी पेशीच्या निम्म्या लांबीची होती. गेली सहा-सात वर्षं त्या हे पान शिकवत होत्या. किती पट मोठं केलेलं चित्र आहे, हे दोन्ही गोलांखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. आकडे वेगवेगळे होते.

"सकाळची थुंकी आणा," डॉक्टर उठताना म्हणाले. "दुपारी द्या, संध्याकाळी द्या, पण सकाळची, खोलवरची. आणि ती बाई काय काम करते?"

बाईंनी सांगितलं. तोंडानं सूत ओढतात, हेही सांगितलं. डॉक्टरांनी टोपी घातली, पण लगेच निघाले नाहीत. "किती माग?"

"आठ."

त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

शाळा सुटताच दाक्षायणीबाई शिवणवर्गाच्या कपाटातून क्रोशाची एक बारीक सुई घेऊन निघाल्या. पडवीत त्या थेट पाटापाशी गेल्या आणि राजव्वाच्या हातातून धोटा काढून घेतला. सुई भोकातून आत घातली, सुताला आकडा लावला, बाहेर ओढलं. "असं कर. तोंड लावू नकोस. कुणीच लावू नका."

राजव्वानं सुई उलटसुलट करून पाहिली. तिनं एक धोटा तसा भरला. आकड्यानं सुताचा पीळ सुटला, टोक फिसकटलं. तिनं पुन्हा ओढलं. तोवर दोन माग थांबले होते.

"ए राजव्वा, नथ घालतीयस काय धोट्याला?" एक विणकर ओरडला.

"मुहूर्त काढायला भट बोलवा रे," दुसरा म्हणाला.

हशा पिकला. राजव्वाही हसली, आणि हसताना तिला खोकला आला. सुई कांड्यांच्या टोपलीत पडली. पुढचा धोटा तिनं ओठांना लावला.

मल्लय्या हिशेबाच्या गादीवरून उठून आला. "काय झालं, पंतुलम्मा?"

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "मी पाहिलं ते पुरेसं नव्हतं. शाळेच्या यंत्राचं भिंग लहान आहे. त्यातून तो जंतू दिसतच नाही."

"दिसत न्हाय म्हंजे हाय?"

"आहे की नाही, ते माहीत नाही."

मल्लय्यानं विणकरांकडे नजर टाकली. चिडलेला नव्हता, अवघडला होता. "त्या दिवशी तुमीच हितं उभं राहून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. माझ्या सुनेनं ऐकलं. आता माहीत न्हाय म्हनता. गड्डा तोंडावर आलाय. हिला उठवली तर आठ माग बसले. यंत्र खरं का तुमी खऱ्या, ते आधी ठरवा की." आणि मग खालच्या आवाजात, "मोठ्या डॉक्टरनं सांगू द्या. कागुद नको, नाव नको. त्यानं तोंडानं हाय म्हनलं तर मी हिला त्याच दिवशी गाडीत बसवतो. तोवर ती हितंच बसंल."

राजव्वानं वर पाहिलं नाही. बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "उद्या सकाळी उठल्याबरोबर जे पडेल ते डबीत दे. एकदाच."

"दिलं की एकदा." ती पुढचा धोटा भरत होती. "तुमी सुताचं हाय म्हनलात. मला बरं वाटलं. चार दिवस खोकला पन कमी झाला. आता पुन्हा कशाला, पंतुलम्मा? एं कादू. काई न्हाय मला."

त्यानंतरचे काही दिवस ती बाईंना टाळत राहिली. नळावर बाई दिसल्या की घागर अर्धी भरूनच निघायची. क्रोशाची सुई कुणीतरी टोपलीतून काढून पडवीच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती.

मग लाल काठांचं काम संपलं. जत्रेसाठीच्याच पण हिरव्या अंगाच्या साड्या मागांवर चढल्या आणि पडवी एका दिवसात हिरवी झाली. विणकरांच्या दंडांवर हिरवी लव, जमिनीवर हिरवी धूळ. दुसऱ्या दिवशी पहाट फटफटताना दाक्षायणीबाई अंगणात पाणी तापवायला आल्या. राजव्वा भिंतीला एक हात टेकून उकिडवी बसली होती. पुढं राखेनं भरलेलं खापर होतं. ओठ हिरवे होते. खापरातल्या राखेवर लाल पडलं होतं.

दोघींनी ते पाहिलं. राजव्वानं घाईनं मूठभर राख त्यावर टाकली, आणि मग हात तसाच धरून राहिली. आता सुताचं नाव घ्यायला जागा नव्हती.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"लाल सूत होतं तवापासून." हातातली राख झटकत ती म्हणाली, "तवा बरं होतं. कळत नव्हतं."

बाई आत गेल्या, आयोडीनची एक रिकामी बाटली उकळत्या पाण्यानं धुवून घेऊन आल्या. राजव्वानं यावेळी ती हात पुढं करून घेतली. बाटली भरून दिली, बूच घट्ट लावलं, बाहेरून पदरानं पुसली. पुसल्यावर बाईंनी तिला हात धुवायला लावले.

"डॉक्टरनं हाय म्हनलं तर मल्लय्या गाडीत बसवंल," ती म्हणाली.

"गाडीत बसवू देणार नाही. मिरजेला क्षयाचा दवाखाना आहे, तिथं लिहिते मी."

"आनि न्हाय म्हनलं तर?"

बाईंची नजर खापराकडे गेली. राखेखालचं त्यांनी पाहिलं होतं.

"आज पाटावर बसू नकोस," त्या म्हणाल्या.

"कोन बसंल? सून माहेरी गेलीय." राजव्वा उठली. "मोठ्या डॉक्टरनं सांगू द्या, मल्लय्या म्हनलाय. त्यानं सांगितलं की उठते. माझ्या मनानं उठले तर हाय म्हनून कबूल केल्यासारखं व्हतंय." पडवीत माग झाडल्याचा आवाज येऊ लागला होता. ती आत गेली.

दिवसभर बाटली विज्ञानाच्या खोलीत, फडताळात, तीन भोकांच्या यंत्रामागं होती. संध्याकाळी बाई नवी पेठेत पोचल्या तेव्हा डॉ. खासनीस शेवटचा रोगी तपासत होते. त्यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"रंगवून ठेवतो आज," ते म्हणाले. "पण बघायचं उद्या. दिव्याच्या उजेडात लाल आणि निळ्यात माझी फसगत होते. वय झालं. चुकीचं सांगितलेलं तुम्हाला चालणार नाही, आणि मलाही."

"सकाळी किती वाजता?"

"नऊ. खिडकीत तेव्हा उजेड चांगला येतो. त्याआधी मी दवाखाना उघडत नाही."

बाई साखर पेठेत परतल्या. पडवीत दिवा लागला होता. मल्लय्या दारात बसून सुताच्या लडी मोजत होता. त्यांनी त्याला सांगितलं, उद्या नऊला डॉक्टर सांगणार आहेत, तोवर सकाळी धोटे भरायचं थांबवा. त्यानं ऐकून घेतलं. "नऊला सांगतील तर नऊला थांबवू," तो म्हणाला. "आधी कसं थांबवू?" त्याच्या डोक्यावर, खांबाच्या खिळ्याला, क्रोशाची सुई होती. तिच्यावर हिरवी लव बसली होती.

डॉ. खासनीसांचा दवाखाना नऊला उघडतो. मल्लय्याच्या कारखान्यात पहिला माग साडेसहाला चालू होतो, आणि तो चालू व्हायच्या आधी राजव्वा आठही धोटे भरून ठेवते.